बुटांचा दगड

१

हे मी कोणालाही सांगायचं नव्हतं. सबीनाने माझ्याकडून तसं वचन घेतलं होतं, आणि तेही सहज नाही. गोठ्याच्या भिंतीला मला टेकवून, माझे दोन्ही हात घट्ट धरून. "बाबांना तर मुळीच नाही," ती म्हणाली होती. "डेलिया, बाबांना कळलं ना, तर ते दार उघडं ठेवतील."

मी फारशी बोलत नाही. शाळेत बाई मला उभं करतात तेव्हा मी उभी राहते आणि माझा आवाज बाकावरच बसून राहतो. आई मला 'उंदरी' म्हणायची ते त्यामुळेच. बाकी कोणी म्हणत नसे. तो तिचा हक्क होता. सबीनाला वाटलं असेल, हिच्याजवळ ठेवलेलं कुठे जाणार नाही. आणि इतके महिने ते गेलंही नाही. पण आता सबीना इथे नाही आणि हे माझ्या एकटीने पेलवत नाही, म्हणून लिहिते आहे. यातलं थोडं मी पाहिलं. बाकीचं तिने मला सांगितलं, गाईची धार काढताना, जळणाच्या ढेपा रचताना, कधी एकाच पांघरुणात पाय पोटाशी घेऊन. गोष्ट तिची आहे, म्हणून तिच्या बाजूनेच सांगते.

आई ऑक्टोबर संपता संपता तापाने गेली. शेजारच्या होनर काकूंनी तिला आंघोळ घातली, केस विंचरले, आणि दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन तिच्या कपड्यांची घडी घालायला बसल्या. सबीना समोर उभी होती. ती सतराची, आईच्याच उंचीची.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "तीन रविवार आईचे कपडे अंगावर घालून चर्चला, मिस्साला जायचं. घागरा, शाल, सगळं. तू इथे घातलंस की तिला ते तिकडे अंगावर मिळतं. नाहीतर ती उघडीच राहते बिचारी."

"बूटही?"

"बूट आधी! तिकडे चालायचंच तर असतं."

आईचे बूट काळे होते, घोट्याच्या वर लेस बांधायचे, टाचेला लोखंडी नाल. लग्नातले. तरीही त्यांच्याकडे पाहून कोणाला ते खरं वाटलं नसतं, कारण त्यांचा तळ जवळजवळ कोरा होता. आई मे महिन्यात काय आणि बर्फ पडल्यावर काय, अनवाणीच फिरायची. तिच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. लहानपणी कुंपणाचा दगड पडून ती गेली. "नऊ बोटांवर दहा बोटांची कामं करते मी," असं ती बाबांना ऐकवायची.

बूट आता सबीनाचे होणार होते, आणि तिला ते फार हवे होते. आमची मावशी बॉस्टनला एका मोठ्या घरात कामाला आहे. तिने सबीनासाठी जागा पाहून ठेवली होती. वसंतात जहाज होतं. मावशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत असे. तिथे मालकीणबाई मुलीच्या तोंडाकडे नंतर बघते, पायांकडे आधी. सबीनाचे स्वतःचे बूट तिला होईनासे झाले तेव्हा माझ्याकडे आले होते, आणि माझ्या पायात त्यांचा जीव गेला होता. बाबा मूळचे बेटावरचे. ते कच्च्या कातड्याची चपटी जोडी घालतात, केसाळ बाजू बाहेर काढून. ती रात्री पाण्यात भिजत ठेवावी लागते, नाहीतर लाकडासारखी होते, आणि चालताना तिचा जरासुद्धा आवाज होत नाही.

म्हणजे घरात बूट म्हणावेत असे तेवढेच होते.

२

पहिल्या रविवारी सबीनाने आईचा लाल घागरा नेसला, तिची तपकिरी शाल घेतली, बुटांच्या लेस एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले आणि अनवाणी निघाली. आमच्याकडे सगळ्याच बायका अशा जातात. दोन्ही बाजूंना दलदल आणि मधून खड्यांचा रस्ता. त्या रस्त्यावर कोण बूट झिजवणार? चर्चच्या खाली ओढा आहे. ओढ्याकाठी एक लांबट सपाट दगड आहे, त्याला आम्ही बुटांचा दगड म्हणतो. तिथे बसायचं, पाय ओढ्यात धुवायचे, गवताने पुसायचे, मग मोजे आणि बूट चढवून वर मिस्साला जायचं. येताना पुन्हा तिथेच काढायचे.

दगडावर त्या दिवशी नेहमीसारखी गर्दी होती. तिच्या वयाची विनी पाय पाण्यात सोडून बसली होती.

"काय गं, किती जपून उचलतेस त्यांना! बाळ आहे का ते कडेवर घ्यायला?"

"बाळच आहे," सबीना म्हणाली. "बॉस्टनला न्यायचंय त्याला."

"मग दूध पाज त्याला. मी तर म्हणते चर्चमध्येही काढून मांडीवर घे."

बायका हसल्या. एकीने विनीच्या पाठीत धपाटा घातला, कारण आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता. सबीनालाही हसू आलं होतं. तिने बूट चढवले. आत आईच्या पायाचा आकार होता, आणि डाव्या बुटात बाहेरच्या बाजूला, जिथे बोट नव्हतं, तिथलं कातडं अजिबात ताणलेलं नव्हतं. तिची करंगळी तिथे दुखली.

मिस्सा झाला. दगडावर येऊन तिने बूट काढले तेव्हा तिला एवढंच दिसलं, की तिचे मोजे ओले आहेत. घोट्यापासून खाली. ओढ्यात पाय धुतल्यावर नीट पुसले नसतील, असं ती स्वतःला म्हणाली. तिने मोजे पिळले. पाणी तपकिरी निघालं.

ओढ्याचं पाणी आमच्याकडे स्वच्छ असतं. तपकिरी असतं ते दलदलीचं.

३

आमच्या घरात झोपण्याआधी सगळे पाय धुतात. एक लाकडी टब आहे. आधी बाबा, मग सबीना, मग मी. धुऊन झालं की ते पाणी बाहेर टाकायचं. ते घरात ठेवायचं नाही. आमच्या दाराची खालची अर्धी फळी वेगळी लागते; टाकताना त्या अर्ध्या दारावरून हाक द्यायची, "पाणी येतंय, बाजूला व्हा!" मी लहान असताना एकदा विचारलं होतं, अंधारात बाहेर कोण असतं, कोणाला बाजूला व्हा म्हणायचं. आईने नुसती माझ्या हातात टबाची एक कड दिली.

पाणी टाकलं की टब भिंतीशी पालथा.

आई गेल्यावर पाणी टाकायचं काम सबीनाकडे आलं. त्या आठवड्यात एका सकाळी ती चूल फुंकायला उठली, तर टब सुलटा होता. चुलीपासून हातभर अंतरावर, आई ठेवायची तिथे. आत थोडं पाणी होतं, तपकिरी, आणि तळाशी काळ्या मातीचा गाळ.

सबीना घाबरली नाही. ती तशी घाबरणारी नव्हतीच. बाबांनी आपली कातड्याची जोडी बादलीऐवजी टबात भिजत ठेवली असेल, असं तिने ठरवलं. मग तिने कोपऱ्यात पाहिलं. जोडी बादलीत होती.

बाबा उठल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुम्ही पहाटे पाय धुतलेत?"

"पहाटे?" बाबा शर्टात डोकं घालत म्हणाले. "ह्या थंडीत मी तोंड धुतो तेच पुष्कळ आहे."

"मग टबात पाणी कुठलं?"

बाबांचं डोकं शर्टातून बाहेर आलं. त्यांनी टबाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले, "छप्पर गळत असेल." आणि वर न बघताच बाहेर गेले.

सबीनाने वर पाहिलं. आठवडाभर पाऊस नव्हता. टबाच्या वरचं गवताचं छप्पर धुराने काळं आणि खडखडीत कोरडं होतं. तिने टब उचलला आणि दिवसाढवळ्या अर्ध्या दारावरून पाणी फेकलं. हाक द्यायला ती विसरली. तिने मला सांगितलं, की पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज जसा यायला हवा तसा आला नाही. ते आधी कशावर तरी पडलं, आणि मग जमिनीवर.

४

दुसऱ्या रविवारी ती तशीच गेली, बूट गळ्यात घेऊन. दगडावर बसली, पाय धुतले आणि या वेळी ते शालीच्या टोकाने इतके घासून पुसले, की विनी म्हणाली, "कातडी ठेव थोडी, ती पुन्हा मिळत नाही." मिस्सा होईपर्यंत मोजे पुन्हा ओले झाले होते. चर्चमध्ये गुडघ्यांवर बसलेली असतानाच तिला ते कळलं. गारवा आधी टाचेत आला, मग वर चढला, दलदलीत पाय रुतल्यासारखा. तिने खाली पाहिलं नाही. प्रार्थनेचे शब्द तिच्या तोंडातून निघत होते, पण ते काय आहेत ते तिला ऐकू येत नव्हतं.

त्या दिवशी मला खोकला होता, म्हणून मी घरी होते. बाबा तिच्याबरोबर गेले होते आणि परतताना पुरुषांशी बोलत मागे राहिले. मी चुलीजवळ बटाट्यांच्या भांड्याकडे लक्ष देत बसले होते. आमचा म्हातारा कुत्रा माझ्या पायांशी झोपला होता. तो बहिरा आहे, दारात वीज पडली तरी उठत नाही. तो एकदम उठला. भुंकला नाही. शेपटी हलवत दारापर्यंत गेला, तिथे थांबला, मान वर केली, कोणी डोक्यावर हात ठेवावा तशी, आणि मग हळूहळू, कोणाच्या तरी पायांत घुटमळत, चुलीपर्यंत परत आला. आईच्या तिपाई स्टुलापाशी तो बसला आणि त्याने हनुवटी पुढे टेकली. जमिनीवर नव्हे. जमिनीपासून वीतभर वर.

मी हलले नाही. मी तशीही पटकन हलत नाही.

सबीना अर्ध्या दारावरून आत डोकावली आणि ओरडली, "डेलिया! फरशी पुसायला काय होतं गं तुला? नुसता चिखल केलास!"

"मी उठलेच नाहीये," मी म्हणाले.

मग आम्ही दोघींनी पाहिलं. दारापासून चुलीपर्यंत ओल्या पायांचे ठसे होते. दारातून आत येणारे. परत जाणारे नव्हते. शेवटचे दोन स्टुलापुढे, शेजारी शेजारी, बसलेल्या माणसाचे असतात तसे. चुलीच्या धगीने ते कडेने वाळत चालले होते. डाव्याला चारच बोटं होती.

सबीनाने आईची शाल अंगावरून ओढली आणि गुडघ्यांवर बसून ती फरशी पुसू लागली. कुत्र्याला तिने ढकललं. मीही पुसलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. बाबा आत आले तेव्हा फरशी कोरडी होती. ते दारातच थांबले. टोपी काढली.

"आज घर भरल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

५

मधल्या दिवसांत सबीना होनर काकूंकडे गेली. काकू दारात बसून माशांना मीठ लावत होत्या.

"ये. हात रिकामे असतील तर सुरी घे."

सबीनाने सुरी घेतली नाही. "काकू, आई येते आहे."

काकूंचा हात मिठात थांबला. "बूट घालून गेलीस ना?"

"दोन्ही रविवार."

"दारातून?"

त्या प्रश्नाचा अर्थच सबीनाला क्षणभर कळला नाही.

"दगडापासून," ती म्हणाली. "सगळ्या जातात तशीच."

काकूंनी हातातला मासा खाली ठेवला. "अरे देवा. चूक माझी आहे. मला वाटलं, हे काय सांगायचं असतं?" त्यांनी मिठाचा हात झटकला. "तिकडे बुटांचा दगड नाही गं, पोरी. तू जिथे बूट घातलेस तिथेच तिला मिळाले. चर्चपुरते. बाकी सगळा रस्ता ती अनवाणी."

"ती जन्मभर अनवाणीच चालली, काकू."

"ह्या रस्त्यावर. तो रस्ता वेगळा."

"कसा असतो?"

"मला काय माहीत? मी जाऊन आलेय का?" काकू वैतागून म्हणाल्या आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "म्हणून ती वळून घरी येतेय. पुढे जाववत नसेल. ऐक, अजून एक रविवार आहे. दारात घाल आणि परत दारात येऊनच काढ. मधे काय वाट्टेल ते होऊ दे, पायातून काढायचे नाहीत."

"तळ जाईल," सबीना म्हणाली. ती म्हणाली आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली, पण शब्द निघून गेले होते. "खड्यांवर एवढं चालून तळ जाईल, काकू. मग मी बॉस्टनला काय घालू?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "ते तुला ठरवायला लागेल," त्या म्हणाल्या आणि मासा पुन्हा हातात घेतला.

६

तिसऱ्या रविवारी सबीनाने उंबऱ्यावर बसून बूट चढवले. बाबा पुढे निघून गेले होते आणि मला तिने दाराशी थांबवलं. "तू आज मागून ये," ती म्हणाली. "विनीच्या आईबरोबर."

त्या रस्त्यावर ती जन्मापासून चालत आलेली, पण बूट घालून कधीच नाही. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. टाचेची नाल खड्यांवर खट् खट् वाजत होती. कडेच्या दलदलीवर पातळ बर्फ धरला होता. ऊन पडलं होतं, आणि ते सगळं इतकं नेहमीचं होतं, कुंपणं, मेंढ्या, लांबवर चर्चचा पांढरा कोपरा, की थोडं चालून गेल्यावर तिला बरं वाटायला लागलं.

मग तिला कळलं, की नालेच्या दोन आवाजांच्या मधे आणखी एक आवाज आहे. मऊ. ओल्या तळव्याचा, फटक् असा. हा आवाज ती ओळखत होती. लहानपणी आईच्या मागून चालताना तो तिच्या पुढे असायचा. आता तो मागे होता.

ती थांबली की थांबे. ती निघाली की निघे. प्रतिध्वनी असेल, ती स्वतःला म्हणाली. पण लोखंडाचा प्रतिध्वनी लोखंडासारखा यायला हवा. तिने मागे पाहिलं नाही. ती बुटांकडे बघत चालत राहिली, आणि प्रत्येक खड्याबरोबर तिला तळ झिजल्याचं जाणवत होतं, हे तिने मला स्वतःहून सांगितलं. "आई मागे होती, डेलिया," ती म्हणाली, "आणि मी मोजत होते ते तळ किती उरतोय ते."

ओढ्याच्या थोडं अलीकडे मागचा आवाज बंद झाला.

दगडावर बायका पाय धूत होत्या. विनीने तिला पाहून हात जोडले. "राणीसाहेब आल्या! घरापासून बूट घालून! आता आमच्यासारख्या अनवाण्यांनी कुठे बसायचं?"

"सरक तिकडे," सबीना म्हणाली. तिला हसायचं होतं. ती दम घ्यायला दगडाच्या ह्या टोकाला बसली. बायका एकेक करून उठल्या, बूट बांधले, टेकाड चढल्या. विनीही गेली. "उशीर करू नकोस, फादर आज चिडलेत," ती वरून ओरडली.

दगडाच्या दुसऱ्या टोकाला एक जण अजून बसली होती. पाठ सबीनाकडे. पाय पाण्यात. बाकीच्यांबरोबरच ती बसली असेल, सबीनाचं लक्ष गेलं नसेल. शाल घेतलेली, पण कोणत्या रंगाची ते ओलीमुळे सांगता येत नव्हतं. ती वाकून पाय धूत होती. बाजूला बूट नव्हते, मोजे नव्हते, काहीच नव्हतं. ती धुतच होती, आणि पाणी तिच्या पायांपासून निघून सबीनापर्यंत तपकिरी होऊन येत होतं आणि तसंच पुढे जात होतं. थांबतच नव्हतं.

वर चर्चची घंटा झाली.

त्या बाईने पुसण्यासाठी डावा पाय पाण्यातून उचलून दगडावर ठेवला.

सबीनाने तिचा चेहरा पाहिला नाही. पाहायचा नव्हता की पाहता आला नाही, हे तिला नीट सांगता येत नसे. तिने फक्त तो पाय पाहिला. मी तिला कितीदा विचारलं, कसा होता, करंगळी होती का, पण ती दर वेळी एवढंच म्हणायची, "झिजला होता गं." आणि मग तळवा माझ्यासमोर धरून बोटाने दाखवायची, टाचेकडून, जसा जुन्या बुटाचा तळ एका बाजूने जातो तसा. "झिजला होता. आणि ती तो पुसत होती. मिस्साला जायचं म्हणून पुसत होती."

काकूंनी काय सांगितलं होतं ते सबीनाला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. पण तिचे हात लेस सोडत होते. तिने दोन्ही बूट काढले, दगडावरून पुढे सरकवले, त्यांची टोकं त्या बाईकडे करून ठेवले, आणि ती उठून टेकाड चढू लागली. अनवाणी, आईच्या लाल घागऱ्यात. चर्चमध्ये ती तशीच गेली. सगळ्यांनी पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

विनीच्या आईबरोबर मी उशिरा त्या दगडावरून गेले. तिथे कोणी नव्हतं. बूटही नव्हते. दगड मात्र ओला होता आणि ओढ्याचं पाणी स्वच्छ.

७

"कोणीतरी चोरले," बाबा म्हणाले. पण त्यांनी ते कोणाला विचारलं नाही, शोधलेही नाहीत.

काकूंना सबीनाने खरं सांगितलं. त्या वेळी मी बरोबर होते. काकू उभ्या होत्या त्या खाली बसल्या.

"म्हणजे बूट मिस्साला गेलेच नाहीत."

"मी तिला दिले, काकू. तिच्या हाताशी ठेवले. तिला हवेच होते ना?"

"तिकडे हवे होते," काकू म्हणाल्या. "तू घालून आत गेली असतीस तर तिला तिकडे मिळाले असते, पुढच्या रस्त्याला. तू ते तिला इथे दिलेस." मग आपल्या पायातले बूट काढून त्यांनी सबीनापुढे ठेवले. "हे घेऊन जा बॉस्टनला. मोठे होतील. पुढे लोकर भर." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू, पायाचं पाणी टाकायला विसरू नकोस. एकही दिवस."

सबीना वसंतात गेली. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला गोठ्यापाशी नेलं आणि वचन घेतलं, ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे. बंदरावर सगळे रडत होते. ती रडली नाही. ती सारखी माझ्या पायांकडे बघत होती.

मावशीने कळवलं, की मालकीणबाईने तिला ठेवून घेतलं.

इथे आता ओल्या पायांचे ठसे येत नाहीत. कुत्रा झोपलेला असतो. टब सकाळी पालथाच असतो. सुरुवातीला मला वाटलं, संपलं. मग एकदा मावळतीला मी गाय बांधत होते आणि रस्त्यावर बूट ऐकू आले. खट्, खट्, टाचेला नाल असलेले. आमच्या बाजूला आता कोणाकडेच तसे बूट नाहीत. काकू कातड्याची जोडी घालतात. ते बूट घाईत नव्हते. पाय दुखत असलेल्या माणसासारखे नव्हे, तर आरामात चालत होते, घरी येणाऱ्या माणसासारखे. आमच्या दारापर्यंत आले आणि थांबले.

तेव्हापासून ते बहुतेक रोज येतात. बाबांच्या चेहऱ्यावरून त्यांना ऐकू येतं की नाही ते कळत नाही. ते चुलीकडे बघत बसतात. मी टब उचलते, अर्ध्या दाराशी जाते, आणि शाळेत मला जो आवाज कधी सापडत नाही त्या आवाजात ओरडते, "पाणी येतंय, बाजूला व्हा!" मग मी थांबते. दर वेळी पायरीवरून दोन पावलं बाजूला झालेली ऐकू येतात. एक नाल आधी, मग दुसरी. ती अजून ऐकते. आई होती तेव्हाही ती शब्दाला पक्की होती. मग मी पाणी फेकते आणि दार लावते, आणि रात्रभर कोणी आत येत नाही.

मला आईची आठवण येत नाही असं नाही. तिला आत घेतलं तर काय होईल, ते मला माहीत नाही. काकूंनाही माहीत नाही. मला फक्त सबीनाने माझ्यासमोर बोटाने दाखवलेला तो तळवा आठवतो, आणि वाटतं, पाय तसे झाले असतील तर बाकीचं कसं झालं असेल.

आज बाबा बटाट्यांच्या वाफ्यातून लवकर आले, पाय धुतले, कातड्याची जोडी चढवली आणि काकूंकडे निघाले. मी टबाला हात लावला तर म्हणाले, "राहू दे. ते पाणी मी आल्यावर टाकतो." असं ते कधी म्हणत नाहीत. दारात वळून त्यांनी चुलीकडे पाहिलं, मग आईचं स्टूल उचलून धगीच्या जरा जवळ ठेवलं, आणि गेले. अर्धं दार त्यांनी लावलं की नाही ते मी पाहिलं नाही. मी लिहायला बसले होते. हे सगळं उतरवून झालं की टब स्वतःच उचलायचा, असं मी ठरवलं होतं. बाहेर अजून उजेड आहे आणि मी उठणारच आहे. पण कुत्रा उठून उभा राहिला आहे. आणि पायरीवर आता नाल वाजली, एकदाच, हलकेच, बूट काढून ठेवताना वाजते तशी. बाबा असतील. बाबा आले असतील, आणि तेच दाराशी हाक मारत असतील, "उंदरे, ए उंदरे, जरा इकडे ये गं," पण ह्या नावाने मला फक्त